‘बनगरवाडी’चा मास्तर शेवटी रिकाम्या हातांनी परततो का?

पाड्यावरची बाई (सुरगाणा तालुका)

नमस्कार. मी मूळची नाशिकरोडची. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाल्यावर सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षणसेविका म्हणून रुजू झाले, त्याला आता दुसरे वर्ष सुरू आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली आणि तिच्या शेवटाने मला जे अस्वस्थ केले आहे ते जाणत्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्यांदा ही कादंबरी वाचली ती डी.एड.ला असताना. माणदेशातल्या उजाड माळावरून एकटाच चालत निघालेला पोरसवदा मास्तर, धनगरांची वाडी, मेंढरांच्या खुरांनी उठलेली धूळ, हे सगळे तेव्हा भिंतीवरच्या चित्रासारखे वाटले होते, आणि ‘प्रादेशिक कादंबरीची वैशिष्ट्ये’ एवढे टिपण काढून मी मोकळी झाले होते. मास्तरचे राजाराम विठ्ठल सौंदणीकर हे पूर्ण नावही माझ्या लक्षात राहिले नव्हते, इतके ते वाचन वरवरचे होते.

दुसरे वाचन मात्र शाळेतच झाले, डिसेंबरमधल्या एका दुपारी सुरू केलेले. आमच्या पटावर ३१ मुले आहेत. त्या दिवशी ९ हजर होती. ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते की, येथे पावसाळ्यात चार महिने धो धो पाऊस कोसळतो, पण ते पाणी नार-पारसारख्या नद्यांतून पश्चिमेला निघून जाते, आणि नागली, वरई, भाताची काढणी उरकली की शेतात हाताला काम उरत नाही. मग दिवाळीनंतर एकेक कुटुंब दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांकडे निघते. जीपच्या टपावर गोधड्या आणि पातेली, पायांशी टोपलीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या आणि त्या टोपलीवर हात ठेवून बसलेली माझी दुसरीतली विद्यार्थिनी, हे दृश्य मी यंदा शाळेच्या पायरीवरून पाहिले. तिने हात हलवला नाही, कारण टोपली उडाली असती.

कादंबरीतही मास्तर वाडीत येतो तेव्हा शाळेत पोरे नसतात. पोरे शाळेत बसली तर मेंढरे कोण राखणार, हा तेथील माणसांचा सरळ हिशेब असतो, आणि म्हातारा कारभारी मनावर घेतो तेव्हाच शाळा भरू लागते. हे वाचताना मला माझी एक चूक आठवली. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका पालकाला शाळेत बोलावून घेतले आणि मूल सतत गैरहजर असते म्हणून त्याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची कलमे ऐकवली. तो माणूस टोपी हातात धरून उभा होता. त्याने सगळे ऐकून घेतले, ‘बरं बाई’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे मूल तर नाहीच, पण भावाचे मूलही शाळेत येईनासे झाले. मास्तर आधी माणसांत बसतो, त्यांची पत्रे लिहितो, त्यांच्या भांडणात पडतो, तालुक्याच्या गावी गेला की त्यांची कामे करून येतो. शिकवणे त्याच्याकडून त्या ओघात होते. मी नेमके उलट्या टोकाने सुरुवात केली होती.

इथपर्यंत कादंबरीने मला शिकवले, असे म्हणता येईल. अडचण पुढे आहे. एवढे सगळे करून शेवटी काय होते? मास्तरच्या पुढाकाराने वाडीतले लोक अंगमेहनतीने तालीम बांधतात, खुद्द राजा तिच्यासाठी वाडीत येतो, आणि त्यानंतर दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, कारभारी जातो, घरे रिकामी होतात, शाळेला मुले उरत नाहीत आणि मास्तर आल्या वाटेने परत निघतो. पुस्तक मिटले तेव्हा माझ्यासमोर २२ रिकाम्या जागा होत्या.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बागेवरून परत आलेली तिसरीतली एक मुलगी जोडाक्षरे पार विसरून गेली होती, आणि मी रागावले तेव्हा तिने मला वेलीवर तीस घड ठेवून बाकीचे कसे काढून टाकायचे ते हातांनी करून दाखवले. मला तेव्हा हसू आले होते, आता तसे हसू येत नाही. माझा प्रश्न असा आहे की, ज्या गावाचे उठून जाणे ठरलेलेच आहे त्या गावात मास्तरने घालवलेले दिवस वाया गेले असे माडगूळकरांना म्हणायचे आहे का? आणि तसे नसेल, तर हा शेवट आपण कसा पचवलात?

निवृत्त गुरुजी (पंचवटी)

बाई, आपले पत्र दोनदा वाचले. मी पेठ तालुक्यात प्राथमिक शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून मिळून सव्वीस वर्षे काढली असल्यामुळे आपला प्रश्न मला कादंबरीइतकाच ओळखीचा वाटला. उत्तर देण्यापूर्वी कादंबरीतील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो, कारण ती सुटली तर तालमीचे प्रकरण नीट कळत नाही.

माडगूळकरांचे गाव माडगूळ हे आटपाडी भागातले आणि तो मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे केवढे पुरस्कर्ते होते हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. याच संस्थानात १९३९ साली राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना आणली आणि त्या कारभाराची घडण गावाच्या पंचायतीपासून केली. अशा राजाच्या मुलखातला तरुण मास्तर वाडीत काय उभारायचे म्हणतो, तर तालीम! वाचनालय नाही, विहीर नाही, तालीम. लोकांना ती हवी होती म्हणून ती झाली, की मास्तरच्या डोक्यात ती आधी आली आणि लोकांनी त्याच्या प्रेमाखातर दगड वाहिले, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वर्षे विचारत आलो आहे, कारण माझ्याही हातून एक ‘तालीम’ बांधली गेली आहे.

१९८७ साली मी ज्या पाड्यावर होतो, तेथे शाळेला लागून एक वाचनखोली बांधावी असे माझ्या मनाने घेतले. कोटंबीच्या घाटातून ट्रॅक्टरने वाळू आणली, भिंतींचे दगड लोकांनी डोक्यावरून वाहिले, पत्रे मी माझ्या पगारातून घातले, आणि नाशिकहून ओळखीच्या घरांतून गोळा केलेली शे-सव्वाशे पुस्तके मी स्वतः लाकडी फळीवर मांडली. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परत आलो तर त्या खोलीत नागलीच्या कणग्या होत्या आणि पुस्तके एका पोत्यात भरून, तोंड सुतळीने नीट शिवून, आढ्याला टांगून ठेवलेली होती. मी इतका संतापलो की दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने मला सांगितले की, गावात न गळणारे छप्पर एवढे एकच आहे, आणि उंदरांनी खाऊ नयेत म्हणून पुस्तके वर टांगली आहेत. मुलांच्या वर्षभराच्या भाकरीला आणि माझ्या पुस्तकांना त्यांनी एकाच छपराखाली जागा दिली होती. मला जे अपमानास्पद वाटले होते, त्यात त्यांनी त्यांच्या परीने मान ठेवला होता, हे समजायला मला तीन दिवस लागले याची आजही लाज वाटते.

म्हणून तालीम ओस पडली की मास्तरचे काम बुडाले, हा हिशेब मला मान्य नाही. तालीम बांधताना जी माणसे एकमेकांच्या हातात दगड देत होती, त्यांच्यात त्या काळापुरते काहीतरी घडले, आणि कादंबरीला रस आहे तो त्या घडण्यात. आता दुष्काळ पडतो, त्यात मास्तरचा दोष नाही. जे आपल्या हातात नव्हते त्याचा ठपका स्वतःवर ठेवून घेण्याची खोड आम्हा शिक्षकांना असते आणि अधिकारीही ती मोडू देत नाहीत, हा विषय वेगळा.

आणखी एक. कारभाऱ्याची मुलगी अंजी हिचे एक साधेसे काम मास्तर भाबडेपणाने करतो, वाडीतला दादूसारखा माणूस त्याचा भलताच बोभाटा करतो आणि ज्याच्या आधारावर मास्तर वाडीत उभा आहे, त्या कारभाऱ्याच्याच मनात किल्मिष येते. नव्या शिक्षकाने हा भाग सर्वांत सावकाश वाचावा. गावाने आपल्याला आपले म्हटले म्हणजे गावाचे सगळे नियम आपल्याला कळले असे होत नाही. आपण कलमे ऐकवली ही आपली चूक खरी, पण ती भरून निघेल. त्या पालकाच्या घरी जाऊन, कायद्याचा विषय न काढता, एकदा बसून या.

त्या मुलीच्या तीस घडांविषयी शेवटी लिहितो. मी आपल्या जागी असतो तर त्या दिवशी जोडाक्षरे बाजूला ठेवून फळ्यावर एक वेल काढली असती आणि त्या तीस घडांवरून तिलाच गुणाकार सांगायला लावले असते.

मेंढका (नांदगाव)

ताई आणि गुरुजी, दोघांनाही नमस्कार. मी धनगर घरातला आहे. माझे आजोबा आणि चुलते दर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. मी स्वतः बारा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याबरोबर चाललो आहे, नंतर वसतिगृहात राहून शिकलो आणि आता नोकरी करतो. ‘बनगरवाडी’विषयी आमच्या लोकांना अभिमान आहे, मलाही आहे, पण आपल्या प्रश्नाच्या मांडणीतच मला एक गोष्ट खटकली आणि ती मोकळेपणाने लिहितो.

‘गाव ओस पडले’ हे वाक्य मागे राहिलेला माणूस बोलतो. जो चालू लागला आहे, त्याच्या दृष्टीने गाव त्याच्याबरोबरच निघालेले असते. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसह असलेला आमचा तळ, हलायचा तेव्हा बिऱ्हाड घोड्यावर चढायचे, चालता न येणारी कोकरे घोड्यावरच्या जाळीत बसवायची, कोंबड्या वर बांधायच्या, आणि माझी आजी पुढे चालता चालता चार कोसांवरच्या शेतमालकाशी मेंढरे बसवण्याचा भाव मनात जुळवत असायची, कारण लेंडीखतासाठी कांदेवाले शेतकरी आमची वाट पाहत असत. त्या निघण्यात रडारड नसे. उलट जो मागे राहिला, म्हातारा किंवा आजारी, त्याचीच काळजी असे.

‘बनगरवाडी’त तसे साधे स्थलांतर नाही, हे मला कळते. तेथे मेंढरे मरतात, आणि मेंढरू मरणे म्हणजे धनगराचे काय होते, ते मी लिहून सांगू शकणार नाही. तरीही कादंबरीचा निवेदक मास्तर आहे, हे विसरू नये. तो बाहेरून आलेला आहे, त्याची शाळा एका जागी आहे, त्याचा पगार एका जागेसाठी आहे, आणि म्हणून माणसे हलली की त्याला शेवट दिसतो. माडगूळकरांचे मोठेपण मला यात वाटते की, वाडीतली माणसे पुढे कुठे गेली, जगली की मेली, हे ते मास्तरच्या तोंडून ठामपणे वदवत नाहीत, कारण मास्तरला ते ठाऊकच नाही. आमच्या घरात ही कादंबरी मोठ्याने वाचली तेव्हा माझे चुलते शेवट ऐकून दुःखी झाले नाहीत. त्यांनी विचारले, ‘पाऊस कवा झाला मग?’ त्यांच्या लेखी कथा तिथे संपलेलीच नव्हती.

ताई, आपण २२ रिकाम्या जागा मोजल्यात. ती २२ मुले या क्षणी कुठे तरी बसलेली आहेत. मला माझ्या लहानपणातले एवढेच मागणे आठवते की, माझ्या शाळेतल्या कुणीतरी मला विचारावे, यंदा कुठपर्यंत गेला होतास रे? कुणी विचारले नाही. परत आलो की ‘किती दिवस बुडवलेस’ एवढाच प्रश्न असे.

सावानाची वाचक (नाशिक)

या चर्चेत मी उशिरा आले. १८४० साली सुरू झालेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे ‘सावाना’ची, मी गेली चाळीस वर्षे सभासद आहे आणि तरीही ‘बनगरवाडी’ साठी उलटल्यावर वाचली, कारण १९९५ चा अमोल पालेकरांचा चित्रपट पाहून पुस्तक वाचल्याचे समाधान मानणाऱ्यांपैकी मी एक होते. वाचनालयातली प्रत इतकी हाताळलेली होती की तिचा पुठ्ठा दोनदा बांधलेला होता.

आपण सगळे शेवटाविषयी बोलत आहात; मी मधल्याच एका प्रसंगावर थांबले आणि पुढे जाईना. वाडीतल्या शेकूचा बैल मरतो आणि पेरणीचे दिवस तर थांबत नाहीत, तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जोडीला स्वतःचा खांदा देते. हा प्रसंग दुसऱ्या एखाद्या लेखकाच्या हाती लागला असता तर त्याने पानभर डोळे पुसले असते. माडगूळकर सांगतात आणि बाजूला होतात. बाई खांदा देते कारण पेर साधायची आहे, एवढेच.

माझी आई सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कात्रीने कापलेली पाने, नखात अडकलेली तंबाखू, आणि हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय पाठ सरळ न करणे, हे पाहत मी वाढले, बँकेत लागले आणि मग कितीतरी वर्षे आईविषयी बोलताना माझा आवाज आपोआप कातर व्हायचा. आईला ते मुळीच आवडत नसे. ‘मी काम केलं, त्यात रडण्यासारखं काय आहे?’ असे ती विचारायची. तिचे म्हणणे मला शेकूच्या बायकोने समजावून सांगितले, आई गेल्यानंतर सहा वर्षांनी. हे माझे वाचन. त्यात कुणाला जीवनविषयक धडा दिसत असेल तर दिसो. मला कादंबऱ्यांतून धडे काढण्याचा थोडा कंटाळाच आहे, कारण धडा काढला की माणूस पुस्तक परत करून टाकतो.

बाई, एक मात्र सुचवते. टोपलीवर हात ठेवून बसलेल्या त्या मुलीविषयी आपण जे लिहिले आहे त्यात कणव नाही, म्हणून ते मला पुन्हा पुन्हा दिसते आहे. तसेच लिहीत राहावे.

बागाईतदार (दिंडोरी तालुका)

मी कादंबऱ्या वाचणारा माणूस नाही, हे आधीच कबूल करतो. मुलीने ही चर्चा दाखवली आणि म्हणाली, ‘बाबा, हे आपल्याच बागेविषयी आहे.’ म्हणून तिच्याकडूनच पुस्तक घेतले आणि चार रात्रींत वाचून संपवले. लहान आहे, आणि भाषा आमच्या आजोबांच्या बोलण्यासारखी सरळ आहे.

थोडी आमची बाजू सांगतो, कारण येथे बागाईतदार कुठेच दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची छाटणी झाली की काड्यांना पेस्ट लावणे, फेलफुटी काढणे, शेंडा मारणे, विरळणी, डिपिंग ही कामे एकामागून एक अशी येतात की एका कामाला आठ दिवस उशीर झाला तर घडच हातचा जातो. गिरणाऱ्याच्या मजूर अड्ड्यावर पहाटे जाऊन उभे राहिले तरी पुरेशी माणसे मिळतील याची खात्री नसते, म्हणून पेठ-सुरगाण्याच्या टोळ्यांना आम्ही आधीच उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देऊन ठेवतो. पावसाने एका रात्रीत मणी तडकले की उचलही गेली आणि बागही गेली. तेव्हा आम्ही मुलांना शाळेतून ओढून आणतो असा सूर कुणाच्या मनात असेल तर तो पूर्ण खरा नाही.

पण पूर्ण खोटाही नाही, हे मला पुस्तक वाचल्यावर कळले. माझ्या बागेत यंदा सुरगाण्याकडची चार कुटुंबे आहेत. मोठ्या माणसांची नावे माझ्या वहीत आहेत, उचल किती, हजेऱ्या किती, सगळे लिहिलेले आहे. मुले बांधावरच्या बाभळीखाली बसतात किंवा आयांच्या मागे मागे ओळीतून फिरतात, आणि त्यांची नावे मला ठाऊक नव्हती. बनगरवाडीच्या मास्तरला वाडीतल्या प्रत्येक माणसाची खोड ठाऊक असते, आनंदा रामोश्यासारख्या चोराचीसुद्धा, आणि माझ्याच जागेत पाच महिने राहणाऱ्या सहा मुलांची नावे मला माहीत नसावीत, याचे मला वाईट वाटले.

रविवारी नावे विचारली. त्यांतला एक मुलगा चौथीत आहे म्हणाला. त्याला मी सहज विचारले की, एका ओळीत साठ वेली आणि एका वेलीवर तीस घड, तर ओळीत किती? त्याने मातीत काडीने केले आणि उत्तर बरोबर काढले, पण मला न दाखवता पायाने पुसून टाकले. आमच्या बागेपासून जिल्हा परिषदेची शाळा दीड किलोमीटरवर आहे. तेथील मुख्याध्यापकांना भेटलो. ते म्हणाले, नावे मूळ शाळेच्या पटावर असली तरी हरकत नाही, मुलांना पाठवा, पोषण आहारही मिळेल. सोमवारपासून चार जण जात आहेत. दोघी जात नाहीत, कारण त्यांना धाकटी भावंडे सांभाळायची आहेत, आणि त्यावर मला अजून उपाय सुचलेला नाही.

पुस्तकाविषयी एवढेच सांगतो की मास्तर शेवटी चालत निघतो ते मला फार लागले. बाकी, कारभारी हा माणूस मला माझ्या आजोबांसारखा वाटला: रागीट, संशयी, पण एकदा शब्द दिला की दिलाच.

पाड्यावरची बाई (सुरगाणा तालुका)

सर्वांचे आभार मानते. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण शाळेत नेटवर्क नाही आणि ते मिळण्यासाठी टेकडीवरच्या आंब्याखाली जावे लागते.

गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे त्या पालकाकडे गेले. कायद्याचा विषय काढला नाही. त्याने मला कोरा चहा दिला, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली आणि तासभर तो मला भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून राब कसा भाजतात ते समजावून सांगत होता. मुलाविषयी तो बोलला नाही, मीही बोलले नाही. निघताना त्याने विचारले, ‘बाई, पुढल्या साली हितंच का?’ मी हो म्हटले, जरी बदली माझ्या हाती नाही. हे ‘हो’ खोटे ठरले तर तो मला बनगरवाडीच्या मास्तरसारखाच आला आणि गेला असे म्हणेल, हा विचार परतीच्या वाटेवर मनातून जाईना.

नांदगावच्या दादांनी लिहिलेली गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. ‘रिकाम्या जागा’ हा शब्द मी मागे घेते. हजेरीपत्रकाच्या शेवटच्या पानावर मी आता २२ नावांपुढे गावे लिहायला घेतली आहेत. येथे राहिलेल्या आजी-आजोबांना विचारून १४ मुलांचा दिंडोरी तालुक्यातला पत्ता लागला, ५ निफाडकडे आहेत, आणि तिघांविषयी कुणालाच नक्की सांगता येत नाही. त्या तिघांत टोपलीवाली मुलगी आहे. पुन्हा शेवटचे प्रकरण वाचले तेव्हा लक्षात आले की, मास्तरकडे अशी यादी करायला माणूसच उरलेला नसतो, आणि मला तर अजून पाड्यावर विचारायला नऊ घरे आहेत.

गुरुजी, फळ्यावर वेल काढून झाली आहे. हजर असलेल्या नऊ जणांपैकी कुणीही अजून द्राक्षबाग पाहिलेली नाही, त्यामुळे पाने कशी असतात यावरच अर्धा तास वाद झाला.

बागाईतदार काका, आपल्या बागेतला तो चौथीतला मुलगा आमचा असण्याची शक्यता आहे. उत्तर काढून पायाने पुसून टाकण्याची सवय आमच्या वर्गातल्या एकालाच आहे. आपली हरकत नसेल तर येत्या रविवारी त्या सहा जणांना भेटायला यावे म्हणते. दोघींसाठी धाकट्या भावंडांना मांडीवर घेऊन वाचता येतील अशी चित्रांची पुस्तकेही आणेन. मला शनिवारी रात्री नाशिकरोडला घरी मुक्काम करून सकाळी निघता येईल. जुन्या सीबीएस बसस्थानकावरून दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीकडे जाणारी सकाळची पहिली एसटी किती वाजता सुटते, हे येथे कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.